चौदाचे एक्केचाळीस का होतात?

पत्र

स. न. वि. वि.

माझी नात साडेपाच वर्षांची असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सीनियर केजीत आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात, त्यामुळे दुपारचा अभ्यास माझ्याकडे असतो. नात इंग्रजीत शंभरपर्यंत आकडे न अडखळता म्हणते, मराठीत तीसपर्यंत म्हणते. पण लिहायला बसली की गोंधळ सुरू होतो. इंग्रजी तीन काढायला सांगितला तर तो उलटा काढते, म्हणजे अगदी आपल्या मराठी ६ सारखा. ‘चौदा’ म्हटले की ४१ लिहिते आणि ‘एकोणतीस’ म्हटले की ३९. दिनदर्शिकेवरचा १ पाहून ‘नाईन’ म्हणते. परवा स्वयंपाकघरातून सात वाट्या आणायला सांगितल्या, तर हातात मावतील तेवढ्या घेऊन आली. शाळेतून रोज एक ते शंभर दोन वेळा लिहून आणायला सांगतात आणि दुसऱ्या पानावर रडणे ठरलेले असते. मी मराठीत मोजायला लावते म्हणूनच हे होते, असे सूनबाईचे म्हणणे आहे. मी मराठी आकडे बंद करावेत का? आणि पोरीत काही कमी तर नाही ना?

— एक आजी, इचलकरंजी

उत्तर

आदरणीय आजी, सादर नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचे पत्र तुम्हाला निवांत वाचता येईल. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी एकही गोष्ट साडेपाच वर्षांच्या मुलीत काही कमी असल्याचे दाखवत नाही. उलटा तीन, चौदाचे एक्केचाळीस आणि दिनदर्शिकेवरचा ‘नाईन’ या तिन्हींना कारणे आहेत, आणि ती बहुतांशी आपल्या अंकांच्या आकारांत आणि आपल्या भाषेत आहेत. मला खरी महत्त्वाची वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेली वाट्यांची गोष्ट. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला सात वाट्या मोजून आणता आल्या नाहीत, याचा अर्थ तिला संख्यांची नावे पाठ झाली आहेत, पण ती नावे कशाची आहेत हे अजून उमगलेले नाही. म्हणून आपण वहीपासून नव्हे, तर वाट्यांपासून सुरुवात करू.

मोजता येणे ही आपल्याला एकच क्रिया वाटते, कारण आपण ती कधी शिकलो हे आपण विसरून गेलेलो असतो. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या क्रियेची फोड करून दाखवली. नावे दर वेळी त्याच क्रमाने म्हणायची, प्रत्येक वस्तूला एकच नाव द्यायचे, आणि शेवटी उच्चारलेले नाव हे त्या शेवटच्या वस्तूचे नसून सगळ्या समूहाचे आहे हे ओळखायचे, अशा तीन गोष्टी मुलाला एकत्र जमाव्या लागतात. नातीची पहिली गोष्ट पक्की आहे, दुसरी बहुधा जमत असेल, आणि तिसरी यायची आहे. खात्री करून घ्यायची असेल तर तिच्यासमोर सहा चिंचोके ठेवा, मोजायला सांगा, आणि तिने ‘सहा’ म्हणताच विचारा, ‘मग किती चिंचोके झाले?’ जिला तिसरी गोष्ट कळलेली असते ती लगेच ‘सहा’ म्हणते. जिला कळलेली नसते ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते, कारण तिच्या दृष्टीने ‘सहा’ हे फक्त त्या टोकाच्या चिंचोक्याचे नाव असते. आणखी एक पाहा. तेच चिंचोके एकमेकांपासून लांब लांब मांडा आणि आता जास्त झाले का, असे विचारा. या वयाची पुष्कळ मुले ‘हो, जास्त झाले’ असे म्हणतात, कारण रांग लांब दिसते. त्यात रागावण्यासारखे काही नाही. तिथेच मुलाचा विचार कुठवर आला आहे ते आपल्याला दिसते.

यावर उपाय म्हणजे तिला मोजायला न लावता आणायला लावणे. ‘मोज बघू’ म्हटले की मूल नावे म्हणून दाखवते. ‘तीन लिंबे आण’ म्हटले की त्याला कुठे थांबायचे ते ठरवावे लागते, आणि संख्येची समज या थांबण्यात असते. सुरुवात सातापासून करू नका. दोन, तीन आणि चार या संख्या चार-पाच दिवस पुरवा. जेवणाची पाने मांडायची जबाबदारी तिच्याकडे द्या: घरात चौघे असाल तर चार ताटे, प्रत्येक ताटापाशी एक वाटी, एक भांडे. एके दिवशी मुद्दाम तीनच वाट्या हाताशी ठेवा आणि ‘पुरतील का ग?’ असे विचारून गप्प बसा. उत्तर शोधताना ती कुणाच्या ताटापाशी वाटी नाही ते बोटाने दाखवेल, आणि ‘एक कमी’ हा शब्दप्रयोग तिच्या अनुभवातून येईल. याच ‘एक कमी’चा पुढे एकोणतीसपाशी आपल्याला फार उपयोग होणार आहे. चार पक्के झाले की पाच, मग हाताच्या पंजाच्या आधाराने सहा ते दहा. ‘एक पंजा आणि वर दोन’ म्हणजे सात, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले पाहिजे. सापशिडीचा फासा, पत्त्यांतली दुर्री-तिर्री, रांगोळीचे ठिपके, दाराबाहेरच्या चपला, असे सगळे साहित्य घरातच असते. तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत ओळखता येणे ही माणसाच्या डोळ्यांची जन्मजात देणगी आहे, तिचा वापर होऊ द्या. फाशावरचे चार ठिपके ती दर वेळी बोट लावून मोजत असेल तर ‘न मोजता सांग’ असा खेळ करा.

दहापर्यंत आणता येऊ लागले की मगच अंकाची खूण त्या संख्येच्या शेजारी आणायची. येथे मी आपल्याकडच्याच एका परंपरेची आठवण करून देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढवले, तेव्हा परदेशी बनावटीची महाग साधने आणणे त्यांना शक्यही नव्हते आणि मान्यही नव्हते. माँटेसरी पद्धतीतले तत्त्व त्यांनी ठेवले आणि साधने पाने, बिया, शिंपले, खडे अशी परिसरातून उचलली. माँटेसरी पद्धतीत अंक खरखरीत कागदातून कापून पाटीवर चिकटवतात आणि मूल त्यावरून बोट फिरवते. आपल्या जुन्या शाळांतली धूळपाटी हेच काम करत असे. तुम्ही परातीत रव्याचा पातळ थर पसरा आणि तिला बोटाने अंक काढू द्या. परातीतल्या रव्याचा मोठा गुण असा की चुकले तर परात नुसती हलवायची. खोडरबराचा काळा डाग राहत नाही आणि चूक डोळ्यांसमोर टिकत नाही. शिवाय हालचाल मोठी होते. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडे अजून तयार होत असतात, बोटांचे स्नायू कोवळे असतात, आणि अशा हाताला चौकटीच्या वहीतल्या बोटभर चौकटीत शंभर अंक बसवायला लावणे म्हणजे त्याला न पेलणारे ओझे देणे होय. आधी खांद्यापासून हात हलवून अंगणात खडूने वीतभर अंक, मग परातीत, मग पाटीवर, आणि सर्वांत शेवटी वहीत, असा क्रम ठेवा. कणीक मळताना तिला एक गोळा द्या आणि त्याची लांब वळी करून तिचा अंक वळायला सांगा. बोटांत जोर येण्यासाठी यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही.

आता उलट्या तीनाकडे येते. मूल जन्मल्यापासून जे जग पाहते त्यात वस्तू कोणत्या बाजूला तोंड करून आहे यावर तिचे नाव ठरत नाही. पळीचा दांडा उजवीकडे असो की डावीकडे, ती पळीच असते. मांजर इकडे पाहो की तिकडे, ते मांजरच असते. पाच वर्षे ज्या नियमाने त्याचे कधी अडले नाही, तो नियम अंकांपाशी येताच मोडायचा असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून अंक आरशातल्यासारखे उलटे काढणे साधारण सात वर्षांपर्यंत सर्रास आढळते आणि सवयीने जाते. तुमच्या नातीच्या बाबतीत भर अशी की इंग्रजी तीनाचे तोंड डावीकडे असते, ते उजवीकडे केले की त्याचा मराठी ६ दिसतो, आणि तो आकार तिने घरातल्या दिनदर्शिकेवर पाहिलेला असल्यामुळे तिला तो चुकीचा वाटतही नाही. मराठीतही ३ आणि ६ ही जोडी एकमेकांचे प्रतिबिंबच आहे. म्हणून हे दोन अंक एकाच आठवड्यात शिकवू नका. आधी तीन हाताला वळण लागेपर्यंत काढून घ्या. डाव्या बाजूला टिंब द्या आणि ‘इथून निघायचे, उजवीकडे पोट फुगवायचे, परत यायचे, पुन्हा पोट फुगवायचे’ असे बोलत बोलत तिच्या हाताबरोबर तुमचा हात फिरवा. उलटा आला तर ‘चुकले’ असे लिहून लाल फुली मारू नका. शेजारी एक सरळ तीन काढा आणि ‘यांतला कोणता टिंबापासून निघाला आहे?’ असे विचारा. तिचे उत्तर बहुधा बरोबर येईल, आणि स्वतः शोधलेला फरक तिच्या लक्षात राहील.

मराठी आकडे बंद करावेत का, या प्रश्नावर तुमच्या आणि सूनबाईंच्या मधे पडताना मी दोघींचे थोडे थोडे खरे धरणार आहे. मोजणे आणि अंक लिहिणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की वाद बराचसा मिटतो. मोजणे, आणणे, वाटणे, कमी-जास्त ठरवणे हे सगळे घरच्या भाषेतच व्हायला हवे, कारण ‘दोन कमी पडल्या’, ‘सगळ्यांना एकेक पुरला’ ही भाषा तिला मराठीतच कळते, आणि एकदा पाचाची समज आली की तिला ‘पाच’ म्हणा की ‘फाईव्ह’, समज तीच राहते. अंकांच्या आकाराचे मात्र तसे नाही. इंग्रजी नऊ आणि मराठी १ यांची ठेवण इतकी सारखी आहे की मोठ्या माणसालाही संदर्भाशिवाय ओळखता येणार नाही. इंग्रजी आठाचे वरचे तोंड उघडले की आपला ४ होतो. म्हणून लिहिण्याचा सराव पुढचे आठ-दहा महिने शाळेत चालणाऱ्या एकाच आकाराचा करून घ्या. दिनदर्शिकेवरून हात फिरवायला हरकत नाही. तिने ‘नाईन’ म्हटले तर ‘तुझ्या शाळेतला नऊ असाच दिसतो खरा, पण हा मराठी एक आहे’ एवढे सांगून पुढे जा. पहिलीच्या मध्यावर, शाळेतले अंक हातात बसल्यावर, मराठी अंक पुन्हा हौसेने शिकवा. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात संघराज्याच्या कामकाजासाठी जे अंक ठरवले आहेत त्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असे म्हटले आहे, म्हणजे शाळेतले ‘इंग्रजी’ अंक हेही आपल्याच अंकांचे दूर देशी गेलेले भाऊबंद आहेत; ही गोष्ट नातीला मोठी झाल्यावर जरूर सांगा.

आता चौदाच्या एक्केचाळीसविषयी. या पत्रातली सर्वाधिक जागा मी याच प्रश्नाला देणार आहे, कारण मुलांना यावरून जेवढी बोलणी बसतात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून बसत असतील, आणि तरीही ही चूक मुलाची नसते.

‘चौदा’ हा शब्द नीट ऐका. आधी ‘चौ’ येतो, म्हणजे चार. मग ‘दा’ येतो, म्हणजे दहा. संस्कृतातल्या चतुर्दशचे ते झिजलेले रूप आहे. ‘तेवीस’मध्ये आधी तीन आणि मग वीस, ‘त्रेचाळीस’मध्ये आधी तीन आणि मग चाळीस. मराठी माणूस एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक आधी लिहितो आणि एकक नंतर. नात ‘चौदा’ ऐकते, ‘चौ’ कानावर पडताच प्रामाणिकपणे ४ लिहिते, मग उरलेला दहाचा १ त्याच्यापुढे लिहिते, आणि ४१ होतात. तिने कानांनी ऐकले तसेच लिहिले. जर्मन भाषेतही ‘तीन आणि चाळीस’ असेच म्हणतात आणि तिथल्या मुलांच्याही वहीत हीच चूक सापडते. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येते, पण तेरा ते एकोणीस या टप्प्यात ‘फोर्टीन’, ‘सिक्स्टीन’ असे एककच आधी येते, म्हणून सूनबाईंना सांगा की मराठी पूर्ण बंद केली तरी चौदाची चूक काही काळ राहीलच. तुमच्या इचलकरंजीत कानडी बोलणारे शेजारी असतीलच. त्यांना तेवीस कसे म्हणतात ते विचारा. ते ‘इप्पत्तमूरु’ म्हणतील, म्हणजे वीस आणि तीन, लिहिण्याच्याच क्रमाने. त्यांच्या मुलांची या जागी जी सोय होते ती आपल्या मुलांची होत नाही.

आपल्या भाषेत क्रमाशिवाय आणखीही अडचणी आहेत. दशकाचे नाव जागोजागी रूप बदलते: पन्नासचे बावन्नमध्ये ‘वन्न’ होते आणि त्रेपन्नमध्ये ‘पन्न’, साठचे बासष्टमध्ये ‘सष्ट’, सत्तरचे बाहत्तरमध्ये ‘हत्तर’. एककही स्थिर नाही. तीनासाठी ते, त्रे आणि त्र्या, दोनासाठी बा, बे आणि ब्या. शिवाय एकोणतीस आणि त्याची भावंडे. ‘एक ऊन तीस’, म्हणजे तीसला एक उणा, हा अर्थ मुलाला कळण्याजोगा आहे, पण कुणी सांगितला तर. कानावर ‘तीस’ पडते, म्हणून नात ३ लिहिते, आणि नऊ येणार हे पाठांतरावरून आठवते, म्हणून ३९. हा क्रम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्याण्णवला मोडतो. एकोणशंभर आपण म्हणत नाही. थोडक्यात, एक ते शंभरची मराठी नावे शिकणारे मूल जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्द शिकत असते. त्याला वेळ लागणारच.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘साठ पाच’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि मुलांना जोडाक्षरांच्या व क्रमाच्या अडचणीतून वाट काढून द्यावी हा त्यांचा हेतू होता. तेवीस, बासष्ट हे शब्द मराठीतून जाता कामा नयेत, या मताची मी आहे. बाजारात भाजीवाली ‘पासष्ट’ म्हणेल तेव्हा मुलाला ते कळलेच पाहिजे. पण शिकण्याच्या काळात ‘वीस तीन’ची शिडी लावण्यात काय गैर आहे, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही कळत नाही. मी वर्गात अनेक वर्षे तसेच करत आले आहे, आणि शिडी लावलेली मुले ‘तेवीस’ विसरली नाहीत. नातीला दोन्ही द्या: ‘वीस आणि तीन, तेवीस’ असे एका श्वासात म्हणत जा.

प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगते. तुमच्या गावात घरोघर यंत्रमाग आहेत. रिकाम्या कांड्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर खराट्याच्या काड्या घ्या. दहा काड्या झाल्या की रबराने बांधून गठ्ठा करायचा, हा नियम तिला स्वतः पाळू द्या. बांधलेले गठ्ठे देऊ नका, कारण गठ्ठ्यात दहा आहेत यावर तिचा विश्वास बांधल्यानेच बसतो. गठ्ठे डावीकडे ठेवायचे, सुट्या काड्या उजवीकडे. मग जुन्या लग्नपत्रिका कापून दोन प्रकारच्या पट्ट्या करा. रुंद पट्ट्यांवर १०, २०, ३० असे लिहा आणि त्यांच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्यांवर १ ते ९. अंक शाळेतल्याच आकाराचे काढा. चौदा काड्या मांडल्या की ती १० ची पट्टी ठेवते आणि तिच्या शून्यावर ४ ची पट्टी बरोबर झाकून बसवते. तिला १४ दिसतात, आणि ४ उचलला की खाली शून्य सापडते, म्हणजे तो १ हा साधा एक नसून दहा आहे हे तिला डोळ्यांनी दिसते. पहिल्यांदा शून्य सापडते तेव्हा मुले ती पट्टी पुन्हा पुन्हा उचलून पाहतात. त्या वेळी घाई करू नका, उचलू द्या.

यानंतर कान तयार करायचा. ‘चौतीस’ म्हणा आणि विचारा, ‘शेवटी काय ऐकू आले?’ ती ‘तीस’ म्हणाली की ३० ची पट्टी आधी ठेवायची, मग ‘आणि पुढे काय होते?’, ‘चौ’, म्हणून ४. शब्दाचे शेपूट आधी पकडायचे, एवढी एक सवय लागली की अर्ध्याहून अधिक उलटसुलट लिहिणे थांबते. काही मुले यावर स्वतःच एक युक्ती काढतात: एकक आधी उजवीकडे लिहितात आणि मग डावीकडे जागा सोडलेली असते तिथे दशक भरतात. कागदावरचे उत्तर बरोबर दिसते, म्हणून घरचे समाधान मानतात. पण हात उजवीकडून डावीकडे लिहायला शिकतो आणि पुढे तीन अंकी संख्येला पुन्हा सगळे कोसळते. नात तसे करताना दिसली तर रागावू नका, फक्त पट्ट्यांकडे परत या.

एकोणतीससाठी मण्यांची माळ ओवा, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. तिसाव्या मण्याला चिमटा लावा आणि ‘तीसला एक कमी’ कुठला, ते तिला दाखवू द्या. वाट्यांपाशी शिकलेले ‘एक कमी’ येथे उपयोगी पडते. पण हे सगळे, म्हणजे वीसच्या पुढचे लिहिणे, सहा वर्षे पूर्ण झाल्यावर. आत्ता दहापर्यंत पक्के आणि वीसपर्यंत ओळख, एवढेच पुष्कळ आहे.

एवढ्यावर भागेल का, अशी शंका तुम्हाला येईल, कारण शाळा शंभर लिहायला सांगते. लहान मुलांच्या वाचन-लेखनाचा आणि गणिताचा पाया पक्का करण्यासाठी केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले; त्यात नातीच्या वयाच्या बालवाटिकेतल्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या, मुलांसाठी १० पर्यंतचे अंक ओळखणे आणि वाचणे हे उद्दिष्ट ठेवले आहे. ९९ पर्यंत वाचणे आणि लिहिणे हे पहिलीच्या अखेरीचे उद्दिष्ट आहे. म्हणजे नातीवर जे लादले जात आहे ते देशाने ठरवलेल्या अपेक्षेच्या वर्षभर पुढचे आहे.

दोन-दोन पाने भरून घेण्याने काय साधते, याविषयी मला स्वतःच्या वर्गातली एक गोष्ट लिहिली पाहिजे. शिकवायला लागले त्या वर्षी मीही रोज एक ते शंभर लिहून आणायला सांगत असे. एका मुलाची वही इतकी सुबक असे की मी ती वर्गाला दाखवायचे. एके दिवशी मी सहज त्याच्या मागे उभी राहिले. तो आधी पानावर वरून खाली १ हा अंक दहा वेळा काढत होता, शेजारच्या रकान्यात २ दहा वेळा, असे ९ पर्यंत. मग पेन्सिलीला टोक करून तो पुन्हा वर गेला आणि प्रत्येक अंकापुढे ०, १, २, ३ असे उतरत आला. पान पूर्ण भरले होते, एकही चूक नव्हती, आणि त्या मुलाने त्यात एकही संख्या लिहिलेली नव्हती. मी त्याला ‘सदतीस कुठे आहेत?’ असे विचारले तेव्हा तो पानाकडे पाहतच राहिला. वर्षभर मी ज्याचे कौतुक करत होते ते रकाने होते. तेव्हापासून मी पान भरून आणायला सांगणे बंद केले. नातीचा हात कसा चालतो तेही एकदा मागे उभे राहून पाहा.

शाळेशी बोलणे सूनबाईंनी करावे, आणि ते तक्रारीच्या सुरात नको. ‘घरी आम्ही तिला रोज दहा मिनिटे वस्तू मोजून अंक लिहायला लावतो, पाच अंक नीट काढते; शंभर लिहिताना हात दुखतो आणि रडते; काही महिने पाचच अंक स्वीकाराल का?’ असे बाईंना भेटून सांगितले तर बहुतेक बाई ऐकतात, कारण पन्नास वह्या तपासणे त्यांनाही सोपे नसते. तरीही पाने हवीच असतील तर तुम्ही निम्मे अंक पुसट टिंबांत काढून द्या आणि तिला ते गिरवू द्या. यात फसवणूक नाही, गिरवणे हा लिहिण्याचाच भाग आहे.

केव्हा काळजी करायची, तेही सांगून ठेवते, म्हणजे नसती काळजी राहणार नाही. सर्वप्रथम डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. फळ्यावरचे नीट न दिसणारी मुले अंक चुकीचे उतरवतात आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. वयाच्या आठव्या वर्षीही आठ मोठे की पाच हे तिला सांगता येत नसेल, फाशावरचे तीन ठिपके मोजल्याशिवाय ओळखता येत नसतील, किंवा रोज शिकवलेले रोज पुसले जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीची, तपासणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि अशा मुलांना शाळेत मदत मिळते. साडेपाचव्या वर्षी मात्र अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचा काही उपयोग नाही, आणि तुमच्या पत्रात तिची गरज सुचवणारे काहीही मला आढळले नाही.

सागरगोटे तुमच्या घरात असतीलच. नसतील तर चिंचोके चालतील. दुपारी वही उघडण्याआधी एक डाव मांडा. तुम्ही झेला, तिने मोजावे, आणि प्रत्येक डावाला किती झेलले ते तिने रव्याच्या परातीत बोटाने लिहावे. तुम्ही पाच झेलले आणि तिने सहा लिहिले, तर सागरगोटे परत तिच्या ओंजळीत द्या आणि ‘पुन्हा एकदा बघ’ एवढेच म्हणा.